बिनतारेची फुलदाणी

माझे वडील घड्याळदुरुस्तीवाले. डोळ्याला भिंग लावून अर्धं आयुष्य गेलं, उरलेलं अर्धं चिनी-जपानी मीन्याच्या जुन्या भांड्यांनी खाल्लं. तांब्याच्या भांड्यावर केसाएवढ्या तारेची नक्षी चिकटवायची, तारांमधल्या खणांत रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत भाजायचं, असं ते काम. घरात बसायला खुर्ची रिकामी नाही, फुलदाण्या मात्र बावीस. आई म्हणते, "मलाही भट्टीतून काढलं असतं, तर माझ्याकडे बघितलं असतं."

एवढ्या जाणकार माणसाने बारा वर्षांपूर्वी शेण खाल्लं. आत्या परिचारिका होती. निवृत्त झाली त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं, एक निळी जपानी फुलदाणी. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत वडिलांनी ती भिंगाखाली फिरवली आणि निकाल दिला, "ताई, फसलीस. यात तारच नाही. नुसता रंग फासलाय." आत्या हसली. फुलदाणी त्यानंतर कधी दिसली नाही.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या संग्राहकाने बोलता बोलता सांगितलं, की काही जपानी कारागीर भाजण्याआधी तारा मुद्दाम काढून घ्यायचे, म्हणजे रंग एकमेकांत मिसळतात. वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला. तीन दिवस अन्न गोड लागेना. "तिने टाकून दिली असेल गं. माझ्या जिभेमुळे." शेवटी फोन करून मीच त्यांना आत्याकडे ओढत नेलं.

चपला काढता काढताच त्यांनी कबुली दिली. आत्याने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि फुलदाणी घेऊन आली. धड, एक चरासुद्धा नाही. वडिलांनी वाकून तिच्यावरून बोट फिरवलं. इतकं हायसं वाटलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"टाकली नाहीस?"

"टाकू कशाला? रोज खिडकीत असते. तू येणार म्हटलं की कपाटात जाते."

"पण मी खोटी म्हणालो होतो ना."

"म्हणालास. मी कुठे विचारलं होतं?" आत्या शांतपणे म्हणाली. "तू पुन्हा तसं बोलला असतास, तर तुला दारात उभं केलं नसतं. एकच भाऊ आहे मला. म्हणून लपवायची."

वडिलांनी डोळे पुसले, फुलदाणी उचलली आणि खिडकीशी गेले.

"कुठली बाजू पुढे ठेवतेस?" त्यांनी विचारलं. मीन्याबद्दल त्यांनी घरच्या माणसाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.