माझ्या नावाने दिलेला नकार

बाळांनो,

तुमच्या काकाआजोबांची, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, पंचाहत्तरी आली आहे. त्यांचा मुलगा त्यानिमित्त एक पुस्तिका छापतो आहे आणि घरातल्या प्रत्येकाकडून चार ओळी मागतो आहे. मलाही निरोप आला, "काकू, बाबांबद्दल काहीतरी छान लिहा. तुमची भाषा चांगली आहे." माझी भाषा चांगली आहे हे खरं. त्या पुस्तिकेत ते किती मदत करणारे, किती दिलदार, घरात पहिला संगणक त्यांनी कसा आणला, असं सगळं असेल. ती तुमच्यापर्यंत पोचेल. तिच्याआधी हे पोचायला हवं, म्हणून आज लिहायला बसले.

शिवाय धाकटे, मागे तू स्क्रीनवरून मला विचारलंस, "आजी, दादाला पहिली आंघोळ तू घातलीस, मग माझ्या वेळी का नाही आलीस?" मी तेव्हा विषय बदलला होता.

आमची वाडी वसईत, होळी नावाच्या बाजाराच्या बाजूला. पुढे आमचं घर, मागे भाऊजींचं, मध्ये विहीर आणि केळी. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. मी मुंबईला इंग्रजी घेऊन शिकलेली. त्यांचं मॅट्रिकचं इंग्रजी मीच करून घेतलं. मुंबईच्या नोकरीचा अर्ज मी लिहून दिला, त्यांनी खाली फक्त सही केली. पुढे मी इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. भाऊजींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि संगणक आणला. आमच्या गल्लीतला तो पहिला. त्यावर घरी शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा असायचा आणि माऊसला हळदीकुंकू लावलेलं होतं.

थोरल्या, तू वसईत जन्मलास. नंतर तुमची आई तुला घेऊन परदेशी गेली. फोन होता, पण तो आमच्या ओटीवर, सासूबाईंच्या खाटेशेजारी. फोन वाजला की मागच्या घरातूनही माणसं येत. त्या फोनवर "जेवलात का" आणि "थंडी आहे का" यापलीकडे काही बोलता येत नसे. म्हणून जाण्याआधी तुमच्या आईने मला त्या वेळच्या एका साइटवर खातं उघडून दिलं. तिथे ती फोटोंचा अल्बम ठेवायची आणि मला एकटीला मनातलं लिहायची. मी मागच्या घरी जाऊन वाचायची, उत्तर लिहायची, लॉग आउट करायची. शाळेतल्या शिस्तीप्रमाणे पासवर्ड अधूनमधून बदलायची.

तेवढ्यात मला मलेरिया झाला. अंथरुणातून उठले तेव्हा नवा पासवर्ड डोक्यातून साफ गेला होता. तापात माणसाचं काय काय जातं, त्यात हेही गेलं. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, पण भाऊजींनी ती करून ठेवली.

ते म्हणाले, "वहिनी, सरका. मी काढून देतो." पासवर्ड विसरल्यावर तिथे एक गुप्त प्रश्न विचारत. खातं उघडताना तुमच्या आईने प्रश्न निवडला होता, "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?" उत्तरात तिने आमच्या दारच्या पहिल्या म्हशीचं नाव घातलं होतं. आता सांगा, ज्या वाडीत म्हैस व्याली की खरवस घरोघर जातो आणि तिच्या नावाने शेजारणी चौकशी करतात, तिथे म्हशीचं नाव हे कसलं गुपित? पण आम्ही असेच. अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट आम्हाला घरातली वाटते. भाऊजींनी नाव टाइप केलं, खातं उघडलं. मग कळफलकावर पंजा आडवा धरून त्यांनी स्वतःचा नवा पासवर्ड घातला.

"काय ठेवलात?" मी विचारलं.

"राहू द्या माझ्याकडे. तुम्ही पुन्हा विसराल."

त्या दिवसापासून माझं खातं त्यांच्याकडे गेलं. मी जायची, ते उघडायचे, फक्त अल्बम दाखवायचे आणि माझ्या खांद्यावरून बघत उभे राहायचे. "तिने काही लिहिलंय का?" असं विचारलं की म्हणायचे, "काही नाही हो वहिनी. संसारात आहे ती. वेळ कुठाय?" घरी पाहुणा आला की त्यांचा एकच विनोद, "आमच्या वहिनींनी गावाला इंग्रजी शिकवलं आणि स्वतःचा पासवर्ड विसरल्या!" सगळे हसत. मी सरबताचे पेले गोळा करत असे.

त्या वर्षी तुमच्या आईला दुसऱ्यांदा दिवस गेले. थोरल्याच्या वेळचं सगळं मीच केलं होतं. या वेळी ती मला बोलावणार याची मला खात्री होती. मी गुपचूप पासपोर्ट काढून घेतला. फोटोसाठी स्टेशनजवळच्या स्टुडिओत हिरवी साडी नेसून गेले. तो आल्यावर कपाटात साड्यांखाली ठेवला आणि बोलावण्याची वाट पाहिली. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे लेकीच्या घरी न बोलावता जायचं नाही. मी येऊ का, असं आईने लेकीला विचारणं म्हणजे जावयाच्या दारात स्वतःहून पाट मांडून घेणं. मी विचारलं नाही. बोलावणं आलं नाही. धाकटे, तू जन्मलीस. तुझी दुसरी आजी तिकडे गेली.

तू महिन्याची झालीस तेव्हा एका दुपारी फोन आला. सासूबाई झोपल्या होत्या, ओटीवर मी एकटीच होते. तुमच्या आईचा आवाज कोरडा होता. ती म्हणाली, "आई, तू आली असतीस तर बरं झालं असतं."

"मला कुठे बोलावलंस?"

"म्हणजे? तिकीट काढते म्हणून लिहिलं. विनवण्या केल्या. तूच लिहिलंस ना, आता विमानात बसवत नाही, सासूबाईंकडे बघायला कोणी नाही, तिकडचंच कोणीतरी बघ. खाली 'गॉड इज ग्रेट' सुद्धा लिहिलंस."

मी जन्मात कुठल्या पत्राखाली 'गॉड इज ग्रेट' लिहिलेलं नाही. कोण लिहितं ते मला ठाऊक होतं. मॅट्रिकच्या निबंधांत मीच ते लाल शाईने खोडायची.

कारणही मला समजलं. गणपती आमच्या घरी बसायचा, नैवेद्य माझ्या हातचा, सासूबाईंचं आंघोळपाणी माझ्याकडे. मी गेले असते तर ते सगळं मागच्या घरावर पडलं असतं. जाऊबाई नोकरीला जायच्या. भाऊजींना संगणकाचा अभ्रा धुवायचंही माहीत नव्हतं.

मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोड ना. घरातली गोष्ट आहे." मी त्यांच्याशी गणपतीपर्यंत जेवणाखाण्यापुरतंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. प्लायवूडच्या खोपट्यात बसले, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. प्रश्न तोच होता. भाऊजींनी कुलूप बदललं होतं, पण किल्लीची जागा बदलायला विसरले होते. मी म्हशीचं नाव टाइप केलं आणि आत गेले. म्हशीचं नाव इथेही लिहीत नाही, ती सवय मला तेव्हापासून लागली.

तुमच्या आईचे सगळे निरोप तिथे होते. "आई, मला भीती वाटते गं." "आई, उत्तर दे ना." आणि खाली त्यांची उत्तरं, माझ्या नावाने, माझ्या फोटोशेजारी. मी सगळं वाचलं, पुन्हा वरपासून वाचलं. रडू आलं नाही. वर्गात कॉपी करणारा सापडला की जसं होतं तसं झालं. हात अगदी स्थिर होते.

आधी मी तुमच्या आईला खरं काय ते लिहिलं. मग पासवर्ड बदलला. मग गुप्त प्रश्न बदलायला घेतला. तिथे स्वतःचा प्रश्न लिहायचीही सोय होती. मी तो शुद्ध इंग्रजीत लिहिला. त्याचा मराठी अर्थ असा: माझ्या लेकीला माझ्या नावाने नकार कोणी कळवला? उत्तराच्या जागी भाऊजींचं नाव घातलं, आडनावासकट. मुद्दाम. हा प्रश्न कधी त्यांच्यासमोर आला असता तर उत्तर त्यांना येत होतं. त्यांनी ते लिहावं, खातं खुशाल घ्यावं.

घरी आले, भाकऱ्या केल्या, कोणाला काही सांगितलं नाही. मागच्या घरी जाणंही बंद ठेवलं. भाऊजींना वाटलं, वहिनी दमल्या.

गणपतीच्या दिवशी आरती झाली, जेवणं झाली. अर्नाळ्याकडचे पाहुणे, चुलत नणंदा, सगळे होते. भाऊजी हात पुसत म्हणाले, "चला मागे, नवी नात दाखवतो सगळ्यांना. वहिनी विसरतात, म्हणून त्यांचं खातं मीच सांभाळतो." सासूबाई हट्टाने निघाल्या, त्यांना पणती बघायची होती. मी त्यांना हाताला धरून नेलं आणि संगणकासमोरच्या खुर्चीत बसवलं.

भाऊजींनी अभ्रा काढला. पासवर्ड टाइप केला. चुकला. पुन्हा केला.

"नेट स्लो आहे," ते म्हणाले.

"भाऊजी, विसरलात का?" मी विचारलं. एक नणंद हसली. "खाली लिहिलंय बघा, 'पासवर्ड विसरलात?' दाबा ते. तुम्हीच शिकवलंत मला."

एवढ्या माणसांत ते नाही कसं म्हणणार? दाबलं. प्रश्न आला. त्यांचे कान मागून लाल झालेले मी पाहिले.

सासूबाई घरच्या बोलीत बोलायच्या, मी तुम्हाला कळेल असं लिहिते. त्या म्हणाल्या, "काय विचारतंय ते मशीन? म्हशीचं नाव सांगू का?"

"म्हशीचं नाही, आई. आता दुसरा प्रश्न आहे."

"मग वाच की रे मोठ्याने. एरवी तर सगळं वाचून दाखवतोस."

ते वाचेनात. मग मी वाचला. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आधी इंग्रजीत, मग मराठीत. जाऊबाईंच्या हातात पानाचं तबक होतं, ते त्यांनी हळूच खाली ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग? कोणी कळवला?"

"भाऊजींना उत्तर येतं, आई. फक्त टाइप करायचं आहे. नाव टाकलं की नात दिसेल."

सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं कळफलकावर होती, पण हलत नव्हती. शेवटी त्यांनी खाली वाकून भिंतीवरचं बटणच बंद केलं. पडदा काळा झाला.

"लाइट गेली," ते म्हणाले. वर पंखा फिरत होता.

सासूबाईंनी पंख्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पुढच्या वर्षी नैवेद्याचं तू बघ," एवढंच म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "चल गं, मला घरी ने." भाऊजींनी तसं पाहिलंही. पुढच्या वर्षी भाऊजी नारळ खवायला बसले होते, आणि मी ओटीवर पेपर वाचत होते. इतका सुखाचा गणपती मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी, विसर्जन होऊन मासळी सुरू झाली तेव्हा पाचूबंदरची कोळीण टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "काय गो बाय, दिराला पानी पाजलंस म्हनं?" मी तिच्याकडून सगळ्यात मोठं पापलेट घेतलं.

काही जणांनी मला सांगितलं, झालं गेलं विसरा. मी विसरले तर पुन्हा पासवर्डचाच विनोद व्हायचा. मी दर गणपतीत भाऊजींना हसून विचारत आले, "उत्तर आठवलं का?" ते नारळाकडे बघतात. माफी त्यांनी आजवर मागितलेली नाही, आणि मीही त्यांच्याकडे ती कधी मागितली नाही. मला उत्तर हवं होतं, तेही टाइप केलेलं.

पुस्तिकेसाठी मी काल एकच ओळ पाठवली, तोच प्रश्न. पुतण्याचा फोन आला, "काकू, हे कोडं आहे का?" मी म्हटलं, "बाबांना विचार. त्यांना येतं."

त्या गणपतीनंतर तुमच्या आजोबांचं दुखणं सुरू झालं. तिकडे जाणं राहिलं ते राहिलंच, तुम्हीच येत गेलात. ती साइट पुढे बंद पडली, भाऊजींचा संगणकही केव्हाच भंगारात गेला. माझा पासपोर्ट मात्र कपाटात साड्यांखाली आहे. मुदत संपली आहे. पहिल्या पानावर हिरव्या साडीतला माझा फोटो आहे, आणि शिक्क्यांची सगळी पानं कोरी आहेत.