अभिनंदनाच्या पोस्टनं घालवलेलं पेटंट

१. सोलापुरातल्या एका फार्मसीच्या विद्यार्थिनीने दोन वर्षं खपून मधुमेहींच्या जखमांसाठी जेल तयार केलं.
२. मी औषधांच्या पेटंटची वकील. आज सकाळी तिचा अर्ज दाखल करणार होते.
३. काल तिच्या मार्गदर्शक सरांनी फेसबुकवर तिचं अभिनंदन केलं. सोबत तिच्या संशोधनाच्या पोस्टरचा फोटो टाकला. त्यात प्रत्येक घटकाचं प्रमाण स्पष्ट वाचता येतं.

अर्जाआधी शोध जगजाहीर झाला की कायद्याच्या लेखी तो नवा राहत नाही. आता अर्ज करण्यात अर्थ नाही.

सरांना फोन केला. "अगं, कौतुकच केलंय की पोरीचं! लई लाईक आलेत."

तिने विचारलं, "पोस्ट काढली तर चालंल की, ताई?"

चालत नाही. तसंच सांगितलं. ती म्हणाली, "सरांना आता काय बोलू नका. माझी तोंडी परीक्षा त्यांच्याकडंच हाय."

म्हणून इथे नावं लिहिलेली नाहीत.

या ग्रुपमधल्या मार्गदर्शकांना एकच विचारते. अर्ज दाखल होईपर्यंत विद्यार्थ्याचं काम कुठेही टाकणार नाही, असं तुम्ही त्याला लेखी देणार का? शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही, एवढंच कळवा.