मडमबाईंना सांगितलेलं

कोपरा फाडलेलं कार्ड शिपायाने हातात दिलं, तेव्हा मी जळगावच्या शाळेत मुलींना इंग्रजीचा धडा शिकवत होते. अक्षर नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. धुळ्याच्या आमच्या घरी माझी आत्या वारली होती. गाव तिला अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणे. कार्ड पुस्तकात ठेवून मी धडा पुरा केला आणि मग गाडी पकडली... या गोष्टीला पाच आठवडे झाले.

अक्का नानांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सोनगीरजवळच्या खेड्यातून ती आमच्याकडे आली आणि तिथली बोली शेवटपर्यंत तिने सोडली नाही. आमच्या घरापासून चार पावलांवर, भर बाजारात, पत्र्याचं थिएटर होतं. नाटक कंपन्या, गवई, सभा, सगळं तिथेच होई. वरचा सज्जा बायकांचा. बायका तान्ही पोरं घेऊन येत, पोरं रडत, आणि खालून पुरुष ओरडत की त्या पोराला बाहेर न्या. अशी दोन-तीन पोरं एकदा अक्काने मागच्या व्हरांड्यात नेली, वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधून निजवली, आणि ते काम तिचंच होऊन बसलं. एखादं पोर भुकेलं की ती अंधारात वाकून सज्जात शिरे आणि नेमक्या त्याच्या आईच्या खांद्याला हात लावी. तिची कधी चूक झालेली मला आठवत नाही. मात्र इतकी वर्षं थिएटरात काढूनही तिने एकही नाटक पुरं पाहिलं नव्हतं. पत्र्यापलीकडून येतील तेवढी गाणी तिला पाठ होती. सुटल्यावर ती बायकांना शेवट विचारी, आणि त्या मुद्दाम, एक राजा मेला म्हणून, तर दुसरी राजाचं लग्न झालं म्हणून सांगत. मग अक्का घरी येऊन नानांशी वाद घाली, की मेलेल्या राजाचं लग्न लागलंच कसं.

मी पुण्याच्या मिशनच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकले. सुट्टीत आले तरी फारशी बोलत नसे. मी सतरा वर्षांची असताना युद्धनिधीसाठी एका मोठ्या गवयाचं गाणं ठरलं, रविवारी दुपारी. आदल्या आठवड्यात अक्का माझ्याजवळ येऊन बसली. तिने कधी कुणाजवळ काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"एकदाव माले बठ्ठं ऐकनं शे," ती म्हणाली. "तू पोरं सांभाळशी?"

एकदा गाणं सगळं ऐकायचं, एवढंच तिचं मागणं. मी हो म्हटलं. तिने मला झोळीची गाठ शिकवली, कोणतं पोर थोपटलं की निजतं आणि कोणतं चिडतं तेही सांगितलं. रविवारी ती धुतलेलं लुगडं नेसून सर्वांच्या आधी सज्जात गेली आणि मागच्या रांगेत मांडी घालून बसली.

तेवढ्यात थिएटरचे व्यवस्थापक मला शोधत आले. कलेक्टरांच्या मडमबाई बायकांत बसणार होत्या आणि इंग्रजी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. दुसरं काम आहे असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मागे वळून पाहिलं नाही. गाणं सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल, व्हरांड्यात एक पोर रडू लागलं, मग दुसरं. मला ते ऐकू येत होतं. मागच्या रांगेतून अनवाणी पावलं व्हरांड्याकडे गेली, त्यावरून अक्का उठल्याचं मला कळलं.

मध्यंतरात ती एका पोराला कडेवर घेऊन पुढे आली. लुगडं पोराने ओलं केलेलं होतं. मडमबाईंनी मला विचारलं, या कोण. मी म्हटलं, या इथे मुलं सांभाळतात. त्यात खोटं काही नव्हतं. पण अक्काने मडमबाईंना हात जोडले आणि हसून मला म्हणाली, "सांग तिले, मना भाऊनी पोर शे ही."

मी मडमबाईंना इंग्रजीत सांगितलं, "तुमची बसायची सोय नीट आहे ना, असं त्या विचारतात."

मडमबाई म्हणाल्या, अगदी छान, आभारी आहे.

"काय म्हननी?" अक्काने विचारलं.

"ऐकून आनंद झाला म्हणाल्या."

अक्काने कडेवरच्या पोराचा गालगुच्चा घेतला आणि त्याला म्हणाली, "ऐकं का रे?" मग ती व्हरांड्यात परत गेली. गाण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मला एका शब्दाने बोलली असती तर बरं झालं असतं. पुढे दुसरा गवई येईल, तेव्हा मी पोरं सांभाळीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. गवई आले. मी पुण्याला होते, नंतर जळगावला.

मी पोचले त्या दिवसांत दुखवट्याला सज्जातल्या कितीतरी बायका आल्या होत्या. काहींबरोबर एके काळी अक्काच्या झोळीत निजलेली पोरं होती, आता चांगली मोठी झालेली. बायका नाटकांच्या खोट्या शेवटांची आठवण काढून हसल्या, डोळे पुसले. मग त्यांतली एक मला म्हणाली, की अक्का ती मडमची गोष्ट पाणवठ्यावर, बाजारात, जो भेटेल त्याला सांगायची. गाणं नाही ऐकलं तर नाही, मडम माझ्या भावाच्या पोरीशी बोलली आणि मी हिची आत्या हे ऐकून तिला आनंद झाला... एवढ्यावर तिचं भागलं होतं म्हणे. "मडम नेमकं काय बोलली हो, ताई?" तिने विचारलं. "अक्काला इंग्रजी सांगता यायचं नाही. तुम्ही म्हणून दाखवा ना एकदा."

जिथे अक्का गेली त्या कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवला होता. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी आनंद झाल्याचं एक वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं. सावकाश, उच्चार स्पष्ट ठेवून. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्या खोलीत इंग्रजी येणारी मी एकटीच होते.