बाळंतिणीच्या खोलीतली ओल

ताई पहिल्या बाळंतपणाला नाशिकला आली, तेव्हा मी बांधकाम खात्यात नुकताच ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. ती दिवाळीपर्यंत राहणार होती. तिच्या लग्नानंतर गप्प झालेलं घर पुन्हा बोलू लागलं होतं. ते दिवस संपूच नयेत असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

श्रावणात तिच्या खोलीची भिंत काळी पडू लागली. कुबट वास यायचा, बाळ सारखं शिंकायचं. आई म्हणाली, "गच्ची गळतेय." मी गच्ची तपासली, ती धड होती. मग भिंतीवर काचेचा तुकडा ठेवून कडा लांबीने, म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीने, बंद केल्या. ओल भिंतीतून येत असती, तर काचेमागे पाणी धरलं असतं. सकाळी काचेमागे काहीच नव्हतं. खोलीकडची बाजू मात्र घामेजली होती.

म्हणजे ओल खोलीतल्या हवेतली होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आईने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. आत शेगडी, मोरीत कढत पाणी, दोरीवर ओली दुपटी.

"दुपारी थोडा वेळ खिडकी उघड," मी आईला म्हणालो.

"तुमच्या कॉलेजात बाळंतिणी होत्या वाटतं?"

ताई पोट धरून हसली. "आई, हसवू नकोस गं, दुखतं!"

त्या रविवारी दाजी येवल्याहून आले. वास येताच त्यांनी विचारलं. आई गच्चीचंच सांगू लागली. मी तिला मध्येच तोडून काच दाखवली, सगळं समजावलं. वाटलं, जावयाच्या शब्दाला मान देऊन ती खिडकी उघडेल.

"मग उघडायची का?" दाजींनी विचारलं.

"सव्वा महिना होईपर्यंत नाही, जावईबापू."

"मग आमचं घर कोरडं आहे, आई."

दुपटी ओलीच होती; ताईने तशीच पिशवीत भरली.

ती गेल्यावर आईने स्वतःच खिडकी उघडली. भिंत हळूहळू वाळली. माझं निदान बरोबर होतं, आणि त्या खोलीत मला पाऊल टाकवत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आईने खोलीला चुना दिला, खिडकी उघडी ठेवली आणि डिंकाचे लाडू वळले. येवल्याहून निरोप आला, या वेळी बाळंतपण इकडेच करू. लाडवांचा डबा घेऊन मीच एसटीत बसलो.