इंडियासाठी ठेवलेली सुरी

शारजाहून निघालो तेव्हा सपाट वाळवंट होतं. तासाभरात दोन्ही बाजूंना डोंगर आले. झाड सोडाच, गवताची काडी नाही. डोंगर संपले आणि एकदम निळा समुद्र दिसला. हेच फुजैरा. माझा दादा इथे तेलाच्या टर्मिनलवर अकरा वर्षं नोकरी करतोय.

घरात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. सोफ्यावर प्लॅस्टिक, डिनर सेट खोक्यात. सगळं चांगलं ते 'इंडियाला गेल्यावर' वापरायचं, म्हणजे पुण्यात घेऊन कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटमध्ये.

"कधी जाणार?" मी विचारलं.

"दोन वर्षांत, इन्शाल्ला," दादा म्हणाला. हे मी पाच वर्षं ऐकतेय.

शोकेसमध्ये एक लाकडी पेटी होती. आत घडीची फ्रेंच सुरी, दादाच्या फ्रेंच सहकाऱ्याने मायदेशी परतताना दिलेली. एकाच कारागिराने पात्यापासून मुठीपर्यंत हाताने घडवलेली. मूठ आफ्रिकेतल्या कुठल्याशा कठीण लाकडाची, तपकिरीत जांभळ्या रेषा. मी हात लावणार तोच भाची सई ओरडली, "आत्या, डोन्ट टच! दॅट्स फॉर इंडिया!"

आणि आत वहिनी टोक मोडलेल्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीने कांदा चिरत होती. चिरत कसली, चेचत होती. दादा स्वयंपाकघरात डोकावतही नाही, त्याला काय कळणार!

शुक्रवारी समुद्रावर जाताना डोंगरातल्या सूकमध्ये (बाजारात) थांबलो. कलिंगड घेतलं.

"काट के दूँ, साब?" पठाण विक्रेत्याने विचारलं.

"नहीं खानसाब, अपने पास फ्रान्स की छुरी है," दादा ऐटीत म्हणाला.

किनाऱ्यावर चादर अंथरली आणि लक्षात आलं, फ्रान्सची छुरी शोकेसमध्येच आहे. दादाने कलिंगड दगडावर आपटलं. निम्मं वाळूत गेलं.

माझा तोल सुटला. "वापरायला दिलेली वस्तू पुरून कसली ठेवतोस? लाज वाटत नाही?"

"अगं, दुकानात विचारलंय मी. चारशे दिरहॅम! म्हणजे नऊ हजार रुपये!"

"वहिनी, तू तरी बोल ना!"

वहिनी फोडीवरची वाळू पुसत राहिली. मला तिचाही संताप आला.

निघायच्या दिवशी दादाने पेटी माझ्या मोठ्या बॅगेसाठी काढली. "पुण्याच्या कपाटात ठेव. इथे कुणीतरी वापरून टाकेल."

"अहो, द्या इकडे, मी नीट गुंडाळते," वहिनी म्हणाली. आत जाऊन तिने पेटी कागदात गुंडाळली, दोरी बांधली आणि आणून दिली.

पुण्यात फ्लॅटचं कुलूप काढलं. पेटी कपाटात ठेवण्याआधी सुरी एकदा बघावी म्हणून उघडली. आत टोक मोडलेली पिवळी सुरी होती. घासून, पुसून, तिरकी बसवलेली.

दहा दिवस मी तोंड वाजवलं होतं. तिने फक्त एक दोरी बांधली. पेटी तशीच आत ठेवून मी कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "सुरी पोचली ना?"

"ठेवली कपाटात. वहिनी कुठेय?"

"आत भाजी चिरतेय. कालपासून फार पटकन होतंय गं तिचं."