पैंजणांमागचा रंग आणि न उघडलेली फाइल

“माझी दोन दिवसांची मेहनत कुठं घातलीसा, ते सांगा आधी.”

हुपरीचे अण्णा माझ्या राजारामपुरीतल्या ऑफिसच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की खालच्या क्लासमधली मुलं तास संपला समजून घरी गेली आणि कोपऱ्यावरच्या तीन रिक्षा किल्ली न लावता सुरू झाल्या.

अण्णा घरीच चांदीचे पैंजण करतात. त्यांची वेबसाइट मी बनवत होतो. परमुलखातले एक व्यापारी ती बघून त्याच दिवशी चार वाजता कळवणार होते, माल घ्यायचा की नाही. पण पैंजणांच्या मागं मी असा करडा रंग टाकला होता, की चांदी ॲल्युमिनियमच्या डब्यासारखी दिसायची. अण्णांना तिथं त्यांच्या डबीतल्या मखमलीचा रंग हवा होता.

सगळ्या फाइली मी त्यांना पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या, नुसत्या बघायला. पण अण्णांच्या घरात बिघडलेला नग बघत बसत नाहीत. कुणीतरी कानस घेतं आणि तिथंच नीट करतं. त्यांनीही एकेका ओळीतला रंग हातानं बदलला आणि पेन ड्राइव्ह परत आणून दिला. सकाळी त्यातल्याच फाइलींत मी वेबसाइटवरचं एक बटण जरा सरकवलं, फाइल नव्यानं तयार केली, आणि मखमल गेली.

“अण्णा, तुम्ही हात लावला ती सीएसएस, रंगरूपाची फाइल. ब्राउझर ती वाचतो. पण मी लिहितो दुसऱ्या फाइलीत, एससीएसएसमध्ये. तिच्यातून ही तयार होते. नवी झाली की जुनीतलं सगळं पुसलं जातं.”

“ती दुसरी उघडून बघितली की मी. कशात उघडू म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं. यादीत पहिलं होतं ते दाबलं. नुसता काळा पडदा. म्हटलं, फाइल खराब झालीया.”

यादीत पहिला सिनेमा बघायचा प्रोग्राम होता.

मी समजावत राहिलो. इतकं समजावलं, की डोक्यावरचा पंखा दमून थांबला. वीज होती. शेवटी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली.

“हे तर साधं लिहिलेलं हाय.”

“साधंच असतं.”

सगळ्यात वर एक ओळ होती: रंगाचं नाव आणि त्याचा आकडा. खाली जिथं जिथं तो रंग हवा, तिथं फक्त नाव. अण्णांनी पडद्यावरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं.

“म्हंजे हा साचा हाय.”

“व्हय.”

“आणि मी दोन दिवस तयार मालावर कानस मारत बसलो.”

“व्हय.”

त्यांनी मखमलीची डबी पडद्याला टेकवली. मी वरचा आकडा बदलत गेलो; ते “अजून गडद” म्हणत राहिले. रंग जुळला, फाइल तयार केली, आणि सगळी वेबसाइट एकदम अशी झळकली, की समोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा मालवून पेशंट तपासले.

चार वाजता फोन आला. व्यापाऱ्यांनी नमुन्याचे जोड मागवले.

“बघा अण्णा,” मी म्हणालो, “किती अवघड विद्या आहे. शिकायला मला सहा जन्म लागले.”

अण्णांनी डबी मिटून खिशात टाकली.

“अवघड न्हाय. तुम्हाला सांगता येत न्हाय.”