मूठभर नळी

ओदिएल द स्माले सात वर्षं माझ्या कॅफेच्या काउंटरपाशी उभा राहून बिअर प्यायला. खुर्च्या नव्हत्या म्हणून नव्हे. खिडकीजवळचं लांब टेबल रविवारी अकरानंतर आमच्या सायकल क्लबचं, आणि त्या टेबलाचा नियम एकच: जो घोळक्याबरोबर परत आला तो बसणार, मागे राहिला तो काउंटरपाशी उभा राहणार. नियम माझ्या सासऱ्यांच्या काळातला. कॅफे माझ्या हातात आलं तेव्हा मी तो मोडू शकले असते, पण उभी माणसं जास्त पितात.

आमच्या स्टेनेबेके गावात रेसच्या सायकलवर कधीच न बसलेला पुरुष शोधून सापडायचा नाही, पण ओदिएल तसा होता. त्याचा बाप कामिएल शर्यतीच्या कबुतरांचा माणूस. रविवारी सगळा गाव चढ चढत असायचा, तेव्हा हे बापलेक अंगणात आभाळाकडे तोंड करून उभे, फ्रान्समधून सोडलेलं कबूतर कधी परत येतंय याची वाट बघत. ओदिएल पुढे लिननच्या गिरणीत लागला. तयार तागे उजेडासमोर धरून त्यातले दोष शोधायचे, हे त्याचं काम. लग्न राहून गेलं. बाप वारला, कबुतरं विकली, आणि अडतिसाव्या वर्षी एका रविवारी हा माझ्याकडे आला आणि क्लबमध्ये यायचं तर कुणाला विचारावं लागतं, म्हणाला.

मी विचारलं, आता या वयात हे काय काढलंस?

"घरात रविवारी आवाज नसतो," तो म्हणाला, आणि लांब टेबलाकडे बघत राहिला. त्याला शर्यत जिंकायची नव्हती. त्याला त्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती, इतकंच.

मी त्याला वालेरकडे पाठवलं. वालेर क्लबचा अध्यक्ष, गावातलं एकमेव सायकलचं दुकानही त्याचंच. तरुणपणी जत्रेच्या शर्यतीत तो एकदा दुसरा आला होता, आणि पहिला आलेला माणूस मेल्यापासून ती शर्यत स्वतःच जिंकल्यासारखी सांगायचा.

नवशिक्याने पहिली सायकल कुठली घ्यावी, यावर टेबलावर तासभर चर्चा झाली. खाटीक म्हणाला, नवी घे पण साधी घे, उरलेले पैसे टायरवर घाल, रस्त्याला टायर लागतं, नाव नाही. पोस्टमन म्हणाला, जुनीच घे, नाहीतरी पहिल्या वर्षी आपटणारच आहेस. कुणी गिअर किती असावेत ते सांगितलं, कुणी इटलीच्या फ्रेमचं कौतुक केलं. ओदिएल हे सगळं वहीत उतरवून घेत होता. ते बघून टेबलाला भलतीच मजा वाटायला लागली. एकाने रंग लिहिलास का म्हणून विचारलं, तर याने खरंच पेन्सिल टेकवली.

फक्त माप कुणी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. ती गोष्ट आमच्याकडे सांगायची नसतेच, दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. सीट आणि फ्रेम यांच्यामध्ये मूठभर नळी उघडी दिसली पाहिजे. मुठीने धरता आली तर सायकल तुझ्या मापाची. कबुतरवाल्याच्या घरात हे कोण सांगणार?

वालेरच्या दुकानात तेव्हा त्याला परवडतील अशा दोन होत्या. एक निळसर, साधी, जराशी जड, ओदिएलच्या उंचीची. दुसरी लालभडक, एका ताडमाड गवळ्याने बनवून घेतलेली. गवळ्याचा गुडघा गेला आणि ती दोन वर्षं खुंटीवर लटकत राहिली. निळीपेक्षा दोन हजार फ्रँकांनी स्वस्त, आणि दिसायला राजाची. ओदिएल आमच्या गावातला सर्वांत बुटका पुरुष नसेल, पण खालून दुसरा नक्की. माप घ्यायचं तर कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटं हँडलला पोचतात का बघतात. वालेरने बघितलं. स्वतःचं कोपर लावून बघितलं. "बघ, तंतोतंत," म्हणाला. पोस्टमन तिथे पत्र द्यायला गेला होता. त्याच दुपारी त्याने तो प्रसंग माझ्या कॅफेत हातवारे करून दाखवला आणि सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले, आणि चांगली मोठ्याने हसले.

सीट खाली खाली घेत फ्रेमला टेकवली, तरी ओदिएलचे पाय कसेबसे पोचत. पेडल मारताना त्याचं ढुंगण डावी-उजवीकडे हेलकावे खायचं. थांबताना पाय जमिनीला टेकायचा नाही, म्हणून तो काही ना काही धरायचा: टपालपेटी, कुंपण, कुणाचा खांदा. एकदा त्याने पोस्टमनचा खांदा धरायला हात लांब केला आणि पोस्टमन बाजूला सरला. त्या दिवशी ओदिएल फुटलेला ओठ घेऊन काउंटरपाशी आला. क्लबने त्याला नाव ठेवलं, लांबू. तो मला हसत सांगायचा की मी लांब मागे राहतो ना, म्हणून लांबू.

कापेलबेर्गच्या चढावर निम्म्यात विजेच्या ट्रान्सफॉर्मरची खोली आहे. तिथे तो दर रविवारी घोळक्यातून सुटून मागे पडायचा. घोळका इथे आल्यावर चौदा-पंधरा मिनिटांनी दारातून आत यायचा, टेबलाला मान लववून सलाम करायचा, आणि सरळ माझ्याकडे.

दुसऱ्या वर्षी वसंतात, हंगामाच्या पहिल्या रविवारी त्याने वालेरला सगळ्यांदेखत विचारलं की सगळ्यांच्या सीटा वर आहेत, माझीच का खाली? वालेरने ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा इतका गंभीर मी त्याच्या आईच्या मयतीतही बघितला नव्हता.

"सीट अशी लगेच वर घेत नसतात, लांबू," तो म्हणाला. "आधी पाय सुटावे लागतात. आमचे काय एका वर्षात सुटले? पुढच्या वसंतात बघू."

दुसरा कुणी असता तर हसला असता. ओदिएलने मान डोलावली. तो बावळट नव्हता, गिरणीत त्याच्या नजरेतून एक तुटका धागा निसटत नसे. पण तो कबुतरांत वाढला होता. कोवळं कबूतर पहिल्या वर्षी शेजारच्या गावाहून सोडतात, दुसऱ्या वर्षी सरहद्दीवरून, तिसऱ्या वर्षी कुठे लांबून. पंख वर्षावर्षाने सुटतात, हे बापाने त्याला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. माणसाचे पायही तसेच सुटत असतील, असं त्याला वाटलं. रोज संध्याकाळी तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टाच ठेवून पाय ताणत बसे. शेजारीण खिडकीतून बघायची आणि येऊन मला सांगायची.

दर वसंतात त्याने विचारलं. दर वसंतात वालेर म्हणाला, पुढच्या वर्षी. त्या रविवारी एरवी न फिरकणारी माणसंही यायची, बायकांना घेऊन यायची. मी चीज आणि मोहरीच्या ताटल्या जास्त काढून ठेवायची. सहा वसंत हे चाललं.

मधल्या काळात त्याची पाठ गेली. रात्री बोटं बधिर व्हायची, तागा उलगडताना हातातून सुटायचा. डॉक्टरांनी सायकल सोड म्हणून सांगितलं. त्याने सोडली नाही. एकदा काउंटरवर फेसाकडे बघत मला म्हणाला, बाकीच्यांत जे आहे ते माझ्यात नाही, मार्सेला, जन्मतःच नाही. मी ग्लास पुसत होते. पुसत राहिले आणि म्हणाले, होईल हळूहळू.

शेवटी मी त्याला सांगितलं. दया येऊन सांगितलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. खरं कारण असं, की त्या ऑक्टोबरात वालेरने क्लबचं वर्षाचं शिंपल्यांचं जेवण माझ्याकडून काढून चौकातल्या नव्या कॅफेत नेलं. चाळीस माणसांचं जेवण. तुझे शिंपले वाळूचे असतात, असं वर ऐकवून गेला. मी रागाने नुसती पेटले होते. रविवारी सगळे गेल्यावर ओदिएल शेवटचा घोट घेत होता, तेव्हा मी त्याला दारात नेलं. सायकल भिंतीला टेकवलेली होती.

"सीटखाली मूठ घाल," मी म्हटलं.

त्याने घालून बघितली. "बोटसुद्धा जात नाही."

"मूठभर जागा हवी. इथल्या पोराटोरांना माहीत आहे. ही सायकल तुझ्या मापाची नाही, कधीच नव्हती. पाय-बिय काही सुटत नसतात, ओदिएल."

त्याने सीटखालून हात काढला. मग त्याने विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"तुम्हालाही?"

"मलाही."

त्याने आत जाऊन बिअरचे पैसे ठेवले आणि सायकल हातात धरून चालत घरी गेला.

पुढच्याच आठवड्यात तो औदेनार्दे शहरात जाऊन नवी घेऊन आला. स्वस्तातली, राखाडी, कुणी वळून बघणार नाही अशी. तिथल्या दुकानदार बाईने त्याच्या दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरून भिंतीवर खूण केली आणि त्यावरून फ्रेम दिली. सीटखाली बरोबर मूठभर नळी. तो मला ती दाखवायला बुधवारी आला. एरवी तो आठवड्यात कधी यायचा नाही.

तो हिवाळा मी विसरणार नाही. गारठ्यात, धुक्यात, गिरणी सुटल्यावर तो रोज कापेलबेर्ग चढायचा. पाठ ताठ झाली, बोटं ताळ्यावर आली. आणि तो बोलायला लागला. सात वर्षांत बोलला नसेल तेवढं त्या चार महिन्यांत बोलला, आणि जे बोलला ते ऐकून मला गुदगुल्या झाल्या. वालेरला ट्रान्सफॉर्मरपाशी मागे टाकणार, वर पोचून मागे वळून बघणार, आणि मग टेबलाशी बसून त्याला काउंटरपाशी उभं असलेलं बघत बिअर पिणार. पोस्टमनसाठी तर त्याने एक वाक्यच तयार ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्यापेक्षा जास्त आतुर झाले होते. मला वालेरचा चेहरा बघायचा होता.

मार्चचा पहिला रविवार उजाडला. क्लबने नवी सायकल बघितली. वालेरची नजर सीटखालच्या नळीवर गेली, तिथून माझ्याकडे आली, आणि त्याला काय ते कळलं. पावणेआठला सगळे निघाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी घोळका परत आला. त्यात ओदिएल नव्हता. मी घड्याळाकडे बघत काउंटरमागे उभी राहिले. पोस्टमन ग्लास न्यायला आला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आज आम्ही सावकाश गेलो गं. मुद्दाम. वालेरनेच सांगितलं होतं. तरी ट्रान्सफॉर्मरपाशी सुटला."

ओदिएल आला तेव्हा बारा मिनिटं झाली होती. सात वर्षं त्या लाल सायकलने त्याची दोन-तीन मिनिटं खाल्ली होती. बाकीचं सगळं त्याचं स्वतःचं होतं.

कुणी हसलं नाही. लांबू म्हणून कुणी हाक मारली नाही. वालेरने पायाने एक खुर्ची मागे सरकवली.

"ये, बस," तो म्हणाला. "आजपासून इथेच बसत जा."

त्यात थट्टा नव्हती. मनापासून म्हणाला, मेला. इतकी वर्षं मी त्याला ओळखते, पण तेव्हा त्याचा जितका राग आला तितका कधी आला नाही.

ओदिएल नेहमीप्रमाणे माझ्यापाशी आला. मी बिअर भरून दिली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की पहिलाच रविवार आहे, वयही पंचेचाळीस, जरा वेळ लागणारच. त्याने ते ऐकून घेतलं. ग्लासला हात लावला नाही.

"सात वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच दम नाही," तो म्हणाला. "मग तुम्ही सांगितलंत, आणि हिवाळाभर मी तुम्हा सगळ्यांचा द्वेष केला. सकाळी डोळा उघडल्यापासून. खरं सांगतो, मार्सेला, इतक्या सुखात मी जन्मात नव्हतो."

मी पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

"आता कुणाचा द्वेष करू?" त्याने विचारलं.

मग तो ग्लास उचलून गेला आणि त्या खुर्चीत बसला. माणसांनी सरकून त्याला जागा दिली आणि कुणीतरी वाऱ्याबद्दल बोलायला लागलं.